निळ्या गोट्यांचा तळ

मी एक जुना लायनर आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. पोहण्याच्या तलावाच्या आत, तळाला आणि भिंतींना जाड प्लास्टिकचं जे अस्तर ताणून बसवतात, त्याला लायनर म्हणतात. पाणी जमिनीत मुरू द्यायचं नाही, हे माझं काम. छान दिसायचं, ही माझी हौस. कामापेक्षा हौस जरा जास्तच होती, हे आधीच कबूल करतो. सध्या मी वसईजवळच्या गिरीजमधल्या एका वाडीत जळणाच्या ढिगावर पांघरूण होऊन पडलो आहे. माझ्या हातून काही मोठं घडलेलं नाही. घडलं ते उलटंच. पाच वर्षांच्या एका मुलीचा जीव माझ्यामुळे जाता जाता राहिला. तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या रुळांमधून मी पापडासारखा लाटला गेलो आणि मग माझ्यावर नक्षी छापली. काय नक्षी होती म्हणून सांगू! गडद निळे, करडे, काळपट गोटे, एकाला एक चिकटून, जसे ओढ्याच्या तळाशी असतात. त्यांच्यावर उन्हाची पांढुरकी जाळी. पाण्यातून ऊन तळावर पडलं की जशी हलती जाळी दिसते ना, तशी हुबेहूब. म्हणजे आभाळ भरून आलेलं असलं तरी माझ्यावर आपलं ऊन पडलेलंच. भिंतींच्या वरच्या कडेला निळ्या-पांढऱ्या चौकटींची किनार होती. कारखान्यात माझ्या शेजारी एक साधा, फिक्क्या आकाशी रंगाचा रोल उभा होता. त्याच्यावर एक ठिपकासुद्धा नव्हता. मला त्याची फार कीव यायची.

दोघेही आम्ही वसईला जितेशच्या गाळ्यात आलो. जितेश तलावांना लायनर बसवणारा कारागीर. हात सोन्याचे, पण जीभ गिऱ्हाइकासमोर मऊ पडायची. त्याच्याकडे एक दिवस डेन्झिल आला. गिरीजला त्याची केळीची आणि भाजीपाल्याची वाडी. तिथंच त्यानं एक छोटा तलाव बांधून घेतला होता. लोकांनी सकाळी यावं, नाश्ता करावा, पोहावं, दुपारी वाडीतल्या भाज्यांचं आणि मासळीचं जेवण जेवून संध्याकाळी घरी जावं, असा त्याचा बेत होता.

जितेशनं नमुन्यांची वही उघडली. पहिल्याच पानावर तो फिक्का आकाशी.

"डेन्झिलभाई, फॅमिलीवाले येणार ना? बारकी पोरं असतील. मग हा घ्या. तळ मोकळा दिसतो."

"हा? अरे, हा तर दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसतो." डेन्झिलनं पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि माझ्यावर येऊन थांबला. "हा बघ! ह्याच्यात पानी कसं दिसेल? आमच्या बावखलासारखं खोल दिसेल."

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. त्याचं पाणी झाडांना, गुरांना, सगळ्यांना. डेन्झिलच्या घरामागे एक होतं, पण आता त्यात जलपर्णी माजली होती आणि कोणी उतरत नव्हतं. लहानपणी तो त्यातच पोहायला शिकला होता. म्हणून त्याचा जीव माझ्यावर जडला.

जितेशनं तोंड उघडलं, मग मिटलं. "तुमची आवड," एवढंच म्हणाला. मी दोन वर्षं त्याच्या गाळ्यात पडून होतो, हेही खरं. असं गिऱ्हाईक कोण परत पाठवतो?

मला बसवायला त्यानं मुद्दाम कडक उन्हाचा दिवस निवडला. ऊन लागलं की आम्ही मऊ पडतो, ताणायला सोपे जातो. कडा खाचेत सरकवल्या, यंत्रानं मागची हवा ओढून घेतली आणि मी भिंतींना असा घट्ट बसलो की एक सुरकुती राहिली नाही. मग पाणी सोडलं. पाणी चढत गेलं तसे माझे गोटे जिवंत झाले. डेन्झिलची बायको रेजिना कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि बघतच राहिली. त्यांची मुलगी रिचेल तेव्हा तीन वर्षांची होती. ती काठावर बसून गोटे मोजायला लागली आणि वीसनंतर पुन्हा एकवर आली.

पुढची दोन वर्षं माझ्या कौतुकाची. विरारहून, चंदनसारहून, पार बोरिवलीहून माणसं यायची. गाडीतून उतरली की आधी तलावाशी. "वॉव, बॉटम बघ ना! खरे दगड वाटतात!" बायका फोटो काढायच्या, पोरं डुबकी मारून मला हात लावून बघायची. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो, मित्रांनो, आणि खाली उतरायचं नावच नव्हतं.

त्या सगळ्या कौतुकात एकच माणूस माझ्याकडे बघत नसे. डेन्झिलची आई, आग्नेसबाई. वय पासष्टच्या आसपास, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. तलावाच्या काठाला चिकूखाली खुर्ची टाकून त्या बसत. मांडीवर सूप, सुपात शेंगा. हात शेंगा सोलत आणि तोंड दर थोड्या वेळानं हाका मारी.

"रिचेल गोऽ!"

"ओऽ!"

"आर्या!"

"ओ!"

सकाळी नाश्त्यालाच त्या पाहुण्यांच्या मुलांची नावं विचारून घेत आणि दिवसभर ती नावं अशी पाण्यावर फेकत. ही त्यांची बावखलावरची रीत. बावखलाचं पाणी हिरवं. त्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःचं पाऊल दिसायचं नाही. मग काठावरच्या मोठ्या माणसानं पोरांवर नजर ठेवायची कशी? तर हाकेनं. हाक आली की लगेच ओ द्यायची. कुणी चेष्टेनं गप्प राहिला तर बाहेर आल्यावर पाठीत धपाटा. आणि खरंच ओ आली नाही, तर काठावर असतील तेवढ्यांनी हातातलं टाकून पाण्यात उतरायचं, एका रांगेत, आणि तळ पायांनी चाचपत पुढं जायचं. त्यांच्या घरची बोली मला पुरती येत नाही, पण ही गोष्ट त्या रिचेलला इतक्यांदा सांगत की मला पाठ झाली.

पाहुण्यांना मात्र गंमत वाटे. "आजींचा हजेरीपट चालू झाला!" असं कुणी म्हणे आणि सगळे हसत. एकदा काही मंडळींनी जाताना डेन्झिलला सांगितलं की जागा मस्त आहे, जेवण मस्त आहे, पण आजी सारख्या ओरडतात, शांतपणे पडता येत नाही. नंतर तेच त्यांनी फोनवरून सगळ्या जगाला लिहून कळवलं.

त्या संध्याकाळी डेन्झिल खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"आय, ते बावखल होतं. ह्याचं पानी काचेसारखं आहे. तळाला टाचणी पडली तरी दिसेल. हाका कशाला मारायच्या?"

आग्नेसबाईंनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "दिसतं म्हनून?"

"हां. दिसतं म्हणून."

"बरं बाबा. तुझं पानी, तुझी मानसं."

दुसऱ्या दिवसापासून हाका बंद झाल्या. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? हाक आली की लोकांची मान तिकडे वळायची, माझ्यावरून नजर हलायची. आता सगळी नजर माझी होती. हे आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात रिचेल पाच वर्षांची झाली. रेजिनानं तिला पोहायचा नवा पोशाख आणला. निळा, त्यावर करडे ठिपके. "बघ, तळाला मॅच होतो! फोटो काय येतील!" त्यात काही वाईट नव्हतं. लेकराला नटवायची हौस कुठल्या आईला नसते?

तो एप्रिलमधला रविवार. चंदनसारहून तीन कुटुंबं आली होती, पाण्यात आठ-नऊ मुलं. काठावर मोठी माणसं पाय सोडून बसलेली. रेजिना स्वयंपाकघरात भात उपसत होती. आग्नेसबाई पानं मांडत होत्या. डेन्झिल तलावापासून दहा पावलांवर फोनवर पुढच्या रविवारचं कुणाचं तरी ठरवत होता. रिचेल त्या नव्या पोशाखात उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, भिंत धरून उभी होती. तरंगायची रबरी चकती कमरेला असायची, ती तिनं नुकतीच एका पाहुण्या मुलाला दिली होती.

उथळ बाजूकडून खोल बाजूकडे माझा तळ उतरत जातो. चकती घेऊन तो मुलगा तरंगत निघाला तशी ती दोन पावलं त्याच्यामागे आली. तिसरं पाऊल उतारावर पडलं आणि घसरलं.

मित्रांनो, बुडणारं माणूस ओरडत असेल, हातपाय आपटत असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. रिचेलनं आवाज केला नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज करणार कसा? तिचे हात दोनदा वर गेले, बाकीच्या मुलांच्या उड्यांमध्ये ते कुणाला कळलेही नाहीत, आणि ती हळूहळू खाली आली. तिची पाठ माझ्यावर टेकली.

वर पाणी काचेसारखंच होतं. काठावरचा एक माणूस थेट तिच्याकडे बघत होता. तिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. तो बायकोला म्हणाला, "आपण घरी हॉलमध्ये असे स्टोन लावूया का?" डेन्झिलनं फोन कानाला लावून एकदा तलावावर नजर फिरवली. त्याला निळे गोटे दिसले, करडे गोटे दिसले, उन्हाची जाळी दिसली. सगळं ठीक आहे असं समजून तो पुन्हा वळला. ती तिथंच होती. माझ्या नक्षीनं तिला पोटात घेतलं होतं. मी ओरडायला हवं होतं, पण मला तोंड नाही. सरकायला हवं होतं, पण मला असं घट्ट ताणून बसवलं होतं की सुरकुतीसुद्धा पडत नव्हती. इतका असहाय मी कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात आग्नेसबाई बाहेर आल्या. पोरांना जेवायला बोलवायला. त्यांनीही पाण्याकडे पाहिलं, त्यांनाही काही दिसलं नाही. वर्षभरानं त्यांच्या तोंडून हाक गेली.

"रिचेल गोऽ!"

ओ आली नाही.

"रिचेल!"

"घरात असेल ती, आय," डेन्झिल फोनवर हात ठेवून म्हणाला.

"घरातून मीच आले. ओ आली नाय, डेन्झिल!"

आणि अंगावरच्या गाऊनसकट त्या पाण्यात उतरल्या. काठावरचे लोक आधी हसलेच, म्हातारीला काय झालं म्हणून. डेन्झिल मात्र हसला नाही. ती रीत त्याच्याही अंगात मुरलेली होती. फोन कुठे पडला ते न बघता तो आईच्या शेजारी उतरला. आग्नेसबाईंनी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले, मी खालून बघत होतो. दिसणाऱ्या पाण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. उजवा पाय माझ्यावरून घासत पुढं, मग डावा. गोट्यांवरून, जाळीवरून, उताराकडे. मी मनात म्हणत होतो, आणखी थोडं, आणखी एक पाऊल, डावीकडे. पाचव्या पावलाला त्यांचा अंगठा तिच्या दंडाला लागला.

"हितं!"

डेन्झिलनं बुडी मारून तिला वर काढलं. ओठ निळे पडले होते. रेजिना भाताच्या हातांनीच धावत आली. पाहुण्यांमध्ये संपदा नावाची एक परिचारिका होती. तिनं रिचेलला काठावर निजवलं, मान मागे केली आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरायला लागली. एक, दोन, तीन. मी आतून फक्त आवाज ऐकत होतो. मग एक खोकला ऐकू आला, बारीक, ओला, आणि त्यामागून रडणं. त्याच्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

दोन रात्री दवाखान्यात काढून रिचेल घरी आली. देवाच्या कृपेनं तिला पुढं काही झालं नाही. पण घर हबकून गेलं होतं. डेन्झिलनं स्वतःला बोल लावला, फोनवर होतो म्हणून. रेजिनानं स्वतःला लावला, चकती बघितली नाही म्हणून. आग्नेसबाई म्हणाल्या, मी हाका बंद केल्या, मीच दोषी. मला कुणीच काही म्हटलं नाही. उलट भेटायला आलेले शेजारी परसातून जाताना सवयीनं म्हणत, "तलाव मात्र छान आहे हां." प्रत्येक वेळी मला वाटे, फाटून जावं.

आणि रिचेल पाण्याकडे येईनाशी झाली. परसात यायचं असलं तर घराला वळसा घालून जाई. आंघोळीला बादली भरलेली दिसली तरी आजीचा गाऊन घट्ट धरून उभी राही.

आठवड्यानं जितेश पंप बघायला आला. त्याला सगळं कळलं तेव्हा त्यानं पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिचा तो ड्रेस आहे का?"

रेजिनानं तो टाकून दिलेल्या कपड्यांतून शोधून आणला. जितेशनं त्यात वाळूची पिशवी भरली आणि डेन्झिलला पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं. मग उताराच्या बाजूला पोशाख अलगद पाण्यात सोडला. तो माझ्यावर येऊन टेकला.

"आता शोधा, डेन्झिलभाई. काठावरूनच."

डेन्झिल वळला. त्यानं तलावाला एक फेरी घातली. मग दुसरी घातली, वाकून, डोळ्यांवर हात धरून. मुलगा काचेसारख्या पाण्याकडे बघत होता आणि आई चिकूखालून मुलाकडे बघत होती. तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर तो थांबला.

"नाही दिसत," तो म्हणाला. "जितेश, नाही दिसत रे."

"मला माहीत होतं. पहिल्या दिवशी बोलायला तोंड उघडलं होतं मी." जितेशनं मान खाली घातली. "माल पडून होता, म्हणून गप्प बसलो."

डेन्झिल त्याच्यावर भडकेल असं मला वाटलं. तो भडकला नाही. काठावर बसून त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि लहान मुलासारखा रडला. आग्नेसबाई उठल्या, शेंगांचे हात गाऊनला पुसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काढ हा," त्या जितेशला म्हणाल्या.

मी अजून सात-आठ वर्षं सहज टिकलो असतो. कुठे चीर नव्हती, रंग उडाला नव्हता. पण मित्रांनो, शपथेवर सांगतो, जितेशची सुरी माझ्या किनारीतून फिरली तेव्हा मला दुखलं नाही, मोकळं वाटलं. दोन तुकडे करून मला बाहेर काढलं. एक तुकडा गोठ्यावर गेला, दुसरा म्हणजे मी, इथं तलावाशेजारच्या जळणावर. आणि माझ्या जागी कोण आला असेल? तोच. फिक्का आकाशी, बिनठिपक्याचा. त्याची मी केलेली कीव मी परत घेतली.

नवीन तळ बसून पाणी भरलं तरी रिचेल महिनाभर फिरकली नाही. कोणी तिला ओढलं नाही, आमिष दाखवलं नाही. आग्नेसबाई तेवढ्या रोज सकाळी एकट्याच पायरीवर बसत, पाय पाण्यात सोडून. मग एके सकाळी ती आजीच्या मागे मागे आली. काठापासून दोन हातांवर थांबली.

"आजी, खाली कोन आहे?"

"मला म्हातारीला काय दिसतंय? तूच बघ."

रिचेल पालथी झोपली आणि सरपटत काठापर्यंत गेली. मान पुढं काढून तिनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं. मी जळणावरून तिच्याबरोबर बघत होतो. फिक्का, मोकळा तळ. लपायला कुठे जागा नाही.

"एक पान आहे. चिकूचं."

"आनखी?"

"आनखी एक मुंगळा. तो पोहतोय." मग तिनं पुन्हा एकदा सगळा तळ पाहिला. "बाकी कोन नाय."

तिनं एक पाय पायरीवर ठेवला. मग दुसरा. आग्नेसबाईंनी हात पुढं केला, पण तिला धरलं नाही, नुसता जवळ ठेवला. तोपर्यंत घरातून डेन्झिल आला होता, रेजिना आली होती, नाश्त्याला आलेले सात-आठ पाहुणेही येऊन उभे राहिले होते. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. ती थरथरत होती आणि हसत होती.

इतकी माणसं काठावर होती, पण तळाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी फोटो काढला नाही. तळाला बघण्यासारखं काही नव्हतंच. सगळे तिच्याकडे बघत होते.

तेव्हा मला माझं आयुष्य पहिल्यांदा नीट कळलं. माझ्यावर खिळलेली प्रत्येक नजर पाण्यातल्या कुठल्यातरी लेकरावरून उचललेली होती. तेच माझं कौतुक, आणि त्यावर मी दोन वर्षं मिरवत होतो.

म्हणून हात नसलेला मी तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. पाण्यात उतराल तेव्हा काठावर कुणीतरी तुमच्यावरच लक्ष ठेवून असू द्या. पाणी कितीही निवळ दिसो, तळ कितीही देखणा असो, आपली मोठी माणसं गुंग झालेली दिसली तर त्यांना हलवा आणि सांगा, "आधी माझ्याकडे बघा." मला, तळाला, मग बघा. नाही बघितलंत तरी चालेल.